पाच नंबरच्या रिकाम्या जागा

कॉलेजात भूगोलाच्या बाईंना समोर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे टाचणबाई. हे नाव कुठल्यातरी जुन्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं, पण ते इतकं चपखल बसलं की पुढे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणालाच दुसरं सुचलं नाही. बाई खरंच प्रत्येक गोष्टीचं टाचण ठेवायच्या. वर्गातला पंखा कधी बंद पडला, ओव्हनचं तापमान कधी दोन अंशांनी चुकलं, कुठल्या बाटलीचं झाकण सैल आहे, सगळं लिहिलेलं. वडील जमीन-मोजणी खात्यात साखळी धरणारे. त्यांनी लेकीला दिलेली एकुलती एक शिकवण म्हणजे, मोजलं नाही ते लिहायचं नाही. मग साहेब शेजारी उभा राहून ओरडत का असेना.

बाई भूगोल शिकवायच्या आणि नदीचा गाळ मोजायच्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी सहाला घरातून निघायचं, गावाच्या वरच्या अंगाच्या बंधाऱ्यापासून खालच्या कारखान्यापर्यंत नऊ ठिकाणी थांबायचं, बादलीने पाणी काढायचं, बाटल्या भरायच्या. कॉलेजात येऊन ते पाणी गाळायचं, गाळणकागद ओव्हनमध्ये वाळवायचा, काट्यावर तोलायचा, आणि एका लिटरमागे किती मिलिग्रॅम गाळ तो आकडा टाचणात आणि मग लॅपटॉपवरच्या तक्त्यात. अकरा वर्षं हे चाललं होतं. नऊ ठिकाणं, एकशे बत्तीस सोमवार.

या कामासाठी त्यांच्याकडे असलेल्या यंत्रांची गत काय सांगावी. लॅपटॉपची 'ळ'ची कळ बसलेली. ज्या बाईचा जन्म गाळात चाललाय तिच्याच लॅपटॉपला 'ळ' उमटेना! बाई एका जुन्या फाइलमधून तेवढं अक्षर उचलून आणून प्रत्येक ठिकाणी डकवायच्या. जागेचे अक्षांश-रेखांश सांगणारं यंत्र होतं, ते ऊन लागलं की झोपायचं. कॉलेजच्या दारातलं हजेरीचं यंत्र बाईंचा अंगठा ओळखायचं नाही, कारण वर्षानुवर्षं वाळू-गाळ चोळून बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या होत्या. मग महिन्याच्या शेवटी 'अनुपस्थित' म्हणून चार लाल खुणा. आणि कॉलेजचं पोर्टल. त्याचा पासवर्ड दर पंचेचाळीस दिवसांनी बदलायचा, आणि तारांकित चौकट रिकामी राहिली तर पान पुढे सरकायचं नाही. पतीचा रक्तगट माहीत नाही म्हणून बाईंचा वार्षिक अहवाल एकदा तीन दिवस अडकला होता.

संगणक कक्षात एक तंत्रज्ञ होता, पन्नाशीचा, शांत. काहीही सांगितलं तरी त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "एकदा बंद करून चालू केलंत का?" त्यामुळे त्याचं नाव रीस्टार्ट. पण माणूस सरळ होता, आणि बाईंचं त्याच्याशी बरं होतं.

त्या वर्षी बाईंनी अकरा वर्षांचे आकडे घेऊन एक मोठा लेख लिहिला. आठ महिने लागले. संदर्भ ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चारशे लेख वाचून, खुणा करून ठेवलेले. आता एवढंच बाकी होतं की कॉलेजच्या नव्या नियमाप्रमाणे लेख बाहेर पाठवण्याआधी नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायचा. बाईंनी बुधवारी दुपारी लेख चढवला आणि तासाला गेल्या.

परत आल्या तर इनबॉक्समध्ये पत्र. 'आपल्या लेखात बहात्तर टक्के साम्य आढळून आले आहे. सदर बाब गंभीर असून आपण सात दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपणावर नियमानुसार कारवाई करण्यात येईल.' खाली विभागप्रमुखांची सही.

बाईंना आधी हसूच आलं. मशीन बिघडलं असेल. मग त्यांनी सोबतचा अहवाल उघडला. त्यात त्यांचा लेख पानोपान लाल झाला होता, आणि साम्य एकाच ठिकाणचं होतं. पाच महिन्यांपूर्वी एका नियतकालिकात आलेला लेख. नदीतल्या गाळाचा अकरा वर्षांचा अभ्यास. नऊ ठिकाणं. लेखक एकच. नाव ओळखीचं होतं. पत्राखाली ज्याची सही होती, तोच.

तळपायाची आग मस्तकात जाणे हे बाईंनी आजवर नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी ती कुठून निघते आणि किती वेळात पोचते ते त्यांना कळलं.

हा विभागप्रमुख बाईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान. तो नोकरीला लागला तेव्हा बाईच त्याला नदीवर घेऊन गेल्या होत्या. बादलीला गाठ कशी मारायची, बाटली आधी त्याच पाण्याने का विसळायची, सगळं दाखवलं होतं. तेव्हा त्या त्याला 'अरे' म्हणायच्या, 'तू' म्हणायच्या. तो दोनदा आला, तिसऱ्यांदा त्याचे बूट भिजले आणि नंतर आलाच नाही. पुढे तो कमिट्यांवर गेला, वरच्या लोकांशी बोलायला शिकला आणि प्रमुख झाला. त्या दिवसापासून बाई त्याला 'सर' आणि 'तुम्ही' म्हणू लागल्या. खुर्चीचा मान म्हणून.

बाई अहवालाची छापील प्रत घेऊन तडक त्याच्या खोलीत गेल्या.

"हे काय आहे सर?"

त्याने कागद उलटेपालटे केले. चेहरा क्षणभर उतरला, पण लगेच सावरला. "अरेच्चा! पत्र गेलं वाटतं तुम्हाला. ते सिस्टिम आपोआप पाठवते हो मॅडम. माझी सही त्यात टाकून ठेवलीय. मी पाहतसुद्धा नाही."

"पत्राचं नंतर बघू. हा लेख कुणाचा?"

"बसा ना. चहा सांगू?"

"लेख कुणाचा?"

"हे पाहा, मूल्यांकन समिती आली होती तेव्हा विभागाचा सगळा डेटा, पद्धतीच्या लेखी वर्णनासकट, आपण सामायिक ड्राइव्हवर ठेवला. आठवतंय ना? तो विभागाचा डेटा झाला. विभाग म्हणजे आपण सगळेच. मी त्यावर लिहिलं, इतकंच. तुमचे आभार मानायचे राहिले, ती माझी चूक. पुढच्या लेखात मानतो."

"माझे आभार?" बाईंचा आवाज चिरकला. "माझ्याच घरात शिरायचं आणि पाणी पाजलं म्हणून माझेच आभार मानायचे?"

"आवाज खाली ठेवा मॅडम. बाहेर लोक आहेत."

"असू देत!" असं म्हणून बाई बाहेर पडल्या, आणि दार त्यांनी इतक्या जोरात ओढलं की बाहेरची नावाची पाटी तिरकी झाली.

आता खुलासा द्यायचा तर पुरावा हवा. बाईंना वाटलं, त्यात काय अवघड. फाइलींवर तारखा असतात. रीस्टार्टने लॅपटॉप समोर ओढला, दोन-चार ठिकाणी पाहिलं आणि मान हलवली.

"मॅडम, मागच्या वर्षी तुमची डिस्क गेली होती, मी सगळं नव्या डिस्कवर उतरवलं. आता प्रत्येक फाइलवर तीच तारीख दिसतेय."

"फाइलच्या आत असेल ना? कुणी बनवली, कधी बनवली?"

"आहे. बनवणाऱ्याचं नाव 'यूजर'. विभागातल्या सगळ्याच मशीनवर तेच नाव आहे."

"मी विभागप्रमुखाला मेलने पाठवला होता तक्ता. वर्षभरापूर्वी. समितीच्या वेळी."

"ती मेल सेवा कॉलेजने बदलली. जुन्या मेल नव्या खात्यात आल्या नाहीत. सूचना पाठवली होती."

"कुठे?"

रीस्टार्ट खाली बघून म्हणाला, "नव्या खात्यावर."

"आणि सामायिक ड्राइव्ह? कुणी कधी काय उतरवून घेतलं त्याची नोंद असते म्हणे."

"असते. सहा महिने. मग आपोआप पुसली जाते." त्याने लॅपटॉप मिटला. "मॅडम, मला माहीत आहे काम तुमचं आहे. अख्ख्या इमारतीला माहीत आहे. पण मशीनला विचाराल तर मशीनला काहीच माहीत नाही."

टाचणवह्या होत्या, पण पहिल्या सहा वर्षांच्या वह्या ज्या कपाटात होत्या ते कपाट रंगकामाच्या वेळी हलवलं गेलं आणि वह्या रद्दीत गेल्या, कारण प्राचार्यांनी 'कागदविरहित विभाग' जाहीर केला होता. त्यानंतरचं टाचण लॅपटॉपवरच होतं. बाईंनी तेव्हा सभ्य भाषेत एक अर्ज तेवढा दिला होता. 'सगळं संगणकावर आहेच की,' असं तेव्हा कोण म्हणालं होतं तेही त्यांना आता आठवलं. हाच विभागप्रमुख.

घरी आल्या तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. नवरा चष्म्याच्या दुकानातून नुकताच आला होता. सगळं ऐकून म्हणाला, "जाऊ दे. सहा वर्षं राहिलीत नोकरीची. डोक्याला ताप कशाला करून घेतेस?"

"जाऊ दे? अकरा वर्षं मी पहिल्या सोमवारी त्या पाण्यात उतरलेय. तुझी आई दवाखान्यात होती तेव्हासुद्धा सकाळी जाऊन, नमुने घेऊन मग दवाखान्यात आले. जाऊ दे?"

नवऱ्याची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची. बाई त्यांना ताई म्हणायच्या. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांचे नंबर जोडून दिलेले. त्या भावाकडे वळून म्हणाल्या, "तू गप रे. तुझ्या दुकानातला चष्मा कुणी चोरला तर गल्लीभर बोंबलत फिरतोस." मग वहिनीला म्हणाल्या, "त्याचा लेख छापून आण. तुझा तक्ताही आण. चोरी करणारा कुठेतरी पाय घसरून पडतोच. एकेक आकडा ताडून बघू."

"अकराशेअठ्ठ्याऐंशी चौकटी आहेत ताई."

"मग? मी दिवसाला त्याहून जास्त नंबर म्हटलेत."

रविवारी सकाळी दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. ताईंनी त्याचा तक्ता हातात घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि जुन्या सवयीच्या त्या सपाट, खणखणीत आवाजात एकेक आकडा म्हणायला सुरुवात केली. "ठिकाण एक. एकशेशहात्तर. एकशेएकोणनव्वद. दोनशेतीन." बाई आपल्या तक्त्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण करत होत्या. प्रत्येक खुणेबरोबर त्यांचा जीव जळत होता. हा आकडा घेताना पाय घसरला होता. हा घेतला त्या दिवशी काटा दुरुस्तीहून आला होता. हे सगळं त्या माणसाने एका क्लिकसरशी उचललं होतं.

चार ठिकाणं झाली. पाचवं सुरू झालं. पाच वर्षं सरळ जुळली. मग ताई म्हणाल्या, "दोनशेबारा."

बाई थांबल्या. "काय?"

"दोनशेबारा. पुढे दोनशेचौदा. दोनशेचौदा. दोनशेसोळा."

"ताई, माझ्याकडे इथे काही नाही."

"नाही म्हणजे?"

"रिकामं आहे. अकरा महिने रिकामं." बाईंनी आपली ओळ बोटाने दाखवली. "त्या वर्षी पाच नंबरचा पादचारी पूल पाडला होता. नवा होईस्तोवर तिथून नमुना घेताच येत नव्हता. मी प्रत्येक रिकाम्या चौकटीला टीप जोडली होती, 'पूल नाही' म्हणून."

ती टीप लॅपटॉपवर त्या चौकटीवर बाण नेला की दिसायची. तक्ता दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेला की आकडे जायचे, टिपा मागे राहायच्या. त्याला फक्त रिकामी भोकं दिसली असणार. आणि ती त्याने बुजवली होती. पुढची ठिकाणं पाहिली तर सात नंबरची वाट खचली होती त्या महिन्यांची, कारखान्याने आत सोडलं नव्हतं त्या महिन्यांची, सगळीच भोकं बुजवलेली. एकूण एकतीस. त्याच्या लेखात वर छातीठोकपणे लिहिलं होतं, 'या अभ्यासात एकाही महिन्याचा खंड नाही.'

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पेन्सिल टेबलावर फेकली आणि तळव्यांनी डोळे चोळले.

"अगं, पुरावा सापडला! हसायचं सोडून रडतेस काय?"

"रडत नाहीये ताई. संताप येतोय. उचललं ते उचललं, पण त्यात हा भेसळ करून बसलाय! या अकरा महिन्यांत पूर आला होता. चार नंबरला एकोणीसशे आलेत, सहा नंबरला एकवीसशे. त्यांच्या मधल्या पाचाला हा दोनशेचौदा म्हणतो! कुणी यावर विश्वास ठेवला म्हणजे?"

कुणी ठेवला होता, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. तो पूल पाणीपुरवठा खात्याचा, कारण त्याच्या पोटाखालून त्यांचा नळ गेलेला. पूल कधी पाडला, कधी उघडला याचं लेखी उत्तर मागायला बाई त्या कार्यालयात गेल्या. तिथली अभियंता चाळिशीची, घाईत असलेली बाई होती. टेबलावर नकाशे पसरलेले. तिने विषय ऐकला आणि म्हणाली, "पाच नंबर? योगायोगच म्हणायचा. नव्या जलशुद्धीकरण केंद्रासाठी पाणी उचलायच्या विहिरीचं ठिकाण तिथेच धरतोय आम्ही. पुरातसुद्धा गाळ कमी. तुमच्याच कॉलेजच्या सरांचा लेख आहे की!" आणि तिने नकाशाखालून तो लेख काढून दाखवला. दोनशेचौदाच्या भोवती हिरव्या पेनने गोल केलेला होता.

बाईंनी आपला तक्ता त्याशेजारी ठेवला. शांत बोलायचं ठरवून आल्या होत्या, पण दुसऱ्याच वाक्याला आवाज चढला. अभियंतेने ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "पुराच्या वेळचा पाच नंबरचा एकही आकडा तुमच्याकडे नाही?"

"त्या वर्षीचा नाही. आधीच्या वर्षांचे आहेत, नंतरचे आहेत. सगळे पंधराशेच्या वर. त्याच्या लेखातही आहेत, पण तुम्ही पाहिलं ते शेवटचं मोठ्या पुराचं वर्ष."

अभियंता हिरव्या गोलाकडे बघत राहिली. "आमचे पंप सहा महिन्यांत बसले असते," ती म्हणाली. मग तिने उठून जुनी फाइल काढायला लावली, आणि पूल कुठल्या तारखेला पाडला, कुठल्या तारखेला खुला केला, याचं शिक्क्यासकट पत्र बाईंना त्याच दिवशी दिलं.

सातव्या दिवशी बाईंचा खुलासा ऐकायला प्राचार्यांच्या खोलीत समिती बसली. प्राचार्य, दुसऱ्या विभागांतले दोन प्राध्यापक, विभागप्रमुख आणि बाई. भिंतीवर प्रोजेक्टर लावून दोन्ही लेख शेजारी शेजारी दाखवलेले. प्राचार्यांना वाद आवडत नसे. त्यांनी सुरुवातच "आपण सगळे एका कुटुंबातले" अशी केली.

बाई म्हणाल्या, "मला सरांना एकच विचारायचंय. पाच नंबरचा नमुना तुम्ही कसा घेतलात?"

त्याने खांदे उडवले. "नेहमीसारखाच. पुलावरून बादली सोडून."

"दर महिन्याला?"

"अर्थात. खंड नाही म्हणून तर लेख निवडला गेला."

बाईंनी शिक्क्याचं पत्र प्राचार्यांपुढे सरकवलं. "अकरा महिने तिथे पूलच नव्हता."

प्राचार्यांनी पत्र दोनदा वाचलं. विभागप्रमुखाने घसा साफ केला.

"ते... काही जागा रिकाम्या होत्या, त्या सॉफ्टवेअरने भरल्या. ही मान्य पद्धत आहे. पुढच्या-मागच्या आकड्यांवरून सॉफ्टवेअर अंदाज काढतं. सगळे करतात."

"सगळे करतात तेव्हा तसं लिहितात," समितीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक हळूच म्हणाले.

आणि तिथे बाईंचा बांध फुटला. इतकी वर्षं सांभाळलेलं ते 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं.

"अरे, सॉफ्टवेअरला काय कळतंय? त्याला पूर दिसतो का? ते मागचा कोरडा महिना बघतं, पुढचा कोरडा महिना बघतं आणि मधोमध रेघ ओढतं. तुला कळायला हवं होतं! तू उभा होतास त्या पुलावर माझ्याबरोबर. मी तुला बादलीची गाठ शिकवली. रिकामी जागा का आहे, एवढं विचारायला तुला माझ्या खोलीपर्यंत चालवलं नाही? बारा पावलं आहेत रे! मी सांगितलं असतं. तू चोर आहेस हे मला कळूनही मी सांगितलं असतं, कारण गावाला पाणी प्यायचंय!"

"मॅडम, भाषा सांभाळा," प्राचार्य म्हणाले.

"भाषा सांभाळूनच मी इथपर्यंत आलेय सर. भाषा सांभाळली म्हणून माझ्या वह्या रद्दीत गेल्या."

विभागप्रमुख टेबलाकडे बघत होता. त्यानंतर त्याने एकदाही 'आकडे माझे आहेत' म्हटलं नाही. ते म्हणण्याची सोयच उरली नव्हती. आकडे त्याचे असते तर पूल नव्हता हे त्याला ठाऊक असतं.

प्राचार्यांनी मग मधला मार्ग काढला. लेखाची सुधारित आवृत्ती काढायची, त्यात दोघांची नावं. "तुमचं नाव आधी घालू, हवं तर," त्यांनी बाईंना मोठ्या मनाने सांगितलं.

"त्याच्या नावाशेजारी माझं नाव? आधी नको, नंतर नको आणि मध्येही नको," बाई म्हणाल्या आणि आपले कागद गोळा करून उठल्या.

समितीचा निकाल तीन आठवड्यांनी आला. कुठेही चोरी हा शब्द नव्हता. 'आकडेवारीत तांत्रिक त्रुटी आढळल्याने लेखकाने आपला लेख स्वेच्छेने मागे घेतला आहे. मॅडमचा खुलासा मान्य करण्यात येत आहे.' बाईंनी त्यावर चार पानी उत्तर लिहिलं. खुलासा मान्य करणारे तुम्ही कोण, खुलासा त्याने द्यायचा होता, अशा आशयाचं. पोर्टलने ते घेतलं नाही. पानांची मर्यादा एक होती. मग त्यांनी ते छापून प्राचार्यांच्या, विश्वस्तांच्या आणि समितीतल्या प्रत्येकाच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवलं आणि पोच घेतली. उत्तर कुणाचंच आलं नाही. संख्याशास्त्राचे प्राध्यापक मात्र जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "निकालावर मी वेगळं मत नोंदवलंय. ते कुणी वाचणार नाही, पण नोंदवलंय."

पाणीपुरवठा खात्याने विहिरीची जागा बदलली. पाच नंबरहून दीड किलोमीटर वर, खडकाळ पात्रात. त्यासाठी बाईंना तीनदा बोलावलं. अभियंतेला त्यांनी मूळ तक्ता टिपांसकट दिला, आणि टिपा पुन्हा गळू नयेत म्हणून त्या चौकटीतच ठळक अक्षरांत लिहून दिल्या. या वेळी तिने कामाच्या अहवालात बाईंचं नाव घातलं, पहिल्याच पानावर. ताईंनी ते पान हातात घेऊन दोनदा मोठ्याने वाचलं.

बाईंचा स्वतःचा लेख त्यानंतर वर्षाने छापून आला. तोही सुखासुखी नाही. मागे घेतलेला लेख सॉफ्टवेअरच्या साठ्यातून काही गेलेला नव्हता, त्यामुळे बाईंचा लेख जिथे जाईल तिथे बहात्तर टक्के लाल होऊन परत यायचा. दोन संपादकांनी न वाचताच नाकारला. प्रत्येक वेळी बाईंनी समितीचा तो गुळमुळीत कागद जोडायचा, पुलाचं पत्र जोडायचं, आणि मी चोर नाही असं नव्याने सांगायचं. तिसऱ्या संपादकाने वाचला आणि घेतला.

विभागप्रमुखाला खुर्चीवरून कुणी हलवलं नाही. उलट पुढच्या वर्षी कॉलेजने संशोधनातील सचोटीसाठी एक कक्ष काढला आणि त्याचा समन्वयक म्हणून त्यालाच नेमलं. ते परिपत्रक रीस्टार्टने छापून आणून बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. बाईंनी परिपत्रकाचे चार तुकडे केले. मग ते चिकटपट्टीने जोडून टाचणवहीत लावले, तारखेसकट.

त्या आता पुन्हा कागदाची वही वापरतात आणि ती घरी ठेवतात. विभागप्रमुखाशी कामापुरतं बोलतात आणि बोलतात तेव्हा 'तू'च म्हणतात, मिटिंगमध्ये, पाहुण्यांसमोर, कुठेही. सुरुवातीला लोक चमकायचे. आता सवय झालीय.

परवा तो जिन्यात आडवा आला. जरा पोक्त झालाय, केस पिकलेत. म्हणाला, "मॅडम, तीन वर्षं झाली. आता सोडा ना राग."

बाईंच्या हातात बाटल्यांची पेटी होती. त्यांनी ती पायरीवर टेकवली.

"तू कबूल केलंस का?"

"मागे घेतला ना लेख?"

"कबूल केलंस का?"

तो मनगटावरचं घड्याळ बघू लागला.

"मग सरक बाजूला," बाई म्हणाल्या. "पेटी जड आहे."